एकच चार्जर सगळ्या उपकरणांना चालेल का?

प्रश्न:
नवे उपकरण घेण्याआधी त्याचे तांत्रिक तपशील चवीने वाचणाऱ्यांपैकी मी आहे. सध्या गॅलियम नायट्राइड या अर्धवाहकाचे भाग वापरलेला, ६५ वॉटचा, मुठीत मावणारा चार्जर खुणावतो आहे. लॅपटॉप, फोन आणि इअरबड्स या तिन्हींसाठी तोच वापरला, तर लहान उपकरणांना अपाय होईल का?

प्रतिसाद १:
होणार नाही. यूएसबी पॉवर डिलिव्हरी या चार्जिंगच्या प्रमाणित पद्धतीत चार्जर ५, ९, १५, २० व्होल्ट असे आपल्याकडील पर्याय जाहीर करतो आणि त्यांतला कोणता हवा ते उपकरण ठरवते. मागणीच आली नाही, तर तो ५ व्होल्टच्या पुढे जात नाही. गॅलियम नायट्राइडचे ट्रान्झिस्टर सिलिकॉनपेक्षा वेगाने उघडझाप करू शकतात, म्हणून आतला ट्रान्सफॉर्मर लहान ठेवता येतो.

प्रतिसाद २:
केबलकडे मात्र दुर्लक्ष नको. ३ अँपिअरपेक्षा अधिक प्रवाहासाठी केबलमध्ये स्वतःची क्षमता सांगणारी चिप असावी लागते. ती नसेल, तर २० व्होल्टला ६० वॉटवरच थांबावे लागते. शिवाय दुसरे उपकरण जोडताच अनेक चार्जर विजेची फेरवाटणी करतात आणि लॅपटॉपचे चार्जिंग क्षणभर तुटते. तो बिघाड नव्हे.

प्रतिसाद ३:
सोबत व्होल्ट आणि अँपिअर दाखवणारा छोटा यूएसबी मीटर जरूर घ्या. फोन जोडताच ५ चा आकडा ९ वर जातो आणि बॅटरी भरत आली की अँपिअर हळूहळू उतरतात, हे पाहत बसण्यात (घरच्यांना न कळणारे) सुख आहे.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. चार्जरसोबत ५ अँपिअरची केबल मागवतो. मीटरचा मोहही आवरेल असे दिसत नाही.