बाससाठी रॉड, रीळ, लाईन आणि आमिष यांचा मेळ कसा घालावा?

काठावरचा:
नमस्कार मंडळी. गेल्या हंगामापासून मी लार्जमाउथ बास हा गोड्या पाण्यातला शिकारी मासा गळाला लावण्याचा प्रयत्न करतो आहे. मासे पाण्यात आहेत, ते दिसतात, आमिषाच्या मागेही येतात. घोडे अडते ते माझ्या साहित्यापाशी, असे आता वाटू लागले आहे. माझ्याकडे ७ फुटी, मीडियम-हेवी ताकदीचा आणि फास्ट अ‍ॅक्शनचा, म्हणजे फक्त टोकाशी वाकणारा, एकच रॉड आहे. त्याच्या मुठीच्या वर ‘३/८ ते १ औंस’ असे छापलेले आहे. त्यावर ७.१:१ गिअर प्रमाणाचे बेटकास्टिंग रीळ (फेकीच्या वेळी ज्यातली लाईनीची फिरकी स्वतः फिरते असे) असून त्यात ५० पौंडी विणलेली लाईन भरली आहे. आमिषे दोनच वापरतो: साधारण ५ ग्रॅमचे छोटे क्रँकबेट (ओढले की डुलत खाली जाणारे, माशाच्या आकाराचे टणक आमिष) आणि मऊ प्लास्टिकचा किडा. पाणी बहुतेक वेळा नितळ असते, काठाला गवत आणि एका बाजूला बुडालेली खोडे आहेत.

अडचणी तीन आहेत. दर तिसऱ्या-चौथ्या फेकीला रिळात असा गुंता होतो की तो सोडवण्यात अर्धा तास जातो. क्रँकबेटला लागलेला मासा दोन-तीन उड्यांत सुटतो. आणि किडा वापरताना मासा आमिष कधी घेतो, हेच कळत नाही. सगळा संच बदलावा लागेल का?

संथपाणी:
सगळा संच बदलू नका. पहिल्या अडचणीचे उत्तर तुमच्या रॉडवरच छापलेले आहे. ३/८ औंस म्हणजे साधारण साडेदहा ग्रॅम, आणि तुमचे क्रँकबेट त्याच्या निम्म्याहूनही हलके आहे. रॉड मागे नेला की आमिषाच्या वजनाने त्याचे टोक वाकते आणि पुढे येताना ते सरळ होत असताना आमिष फेकले जाते; म्हणजे खरी फेक रॉड करतो, आपण नाही. आमिषाला पुरेसे वजनच नसेल तर टोक वाकत नाही, मग आपण ती उणीव दंडाच्या जोराने भरून काढू पाहतो, स्पूल (रिळातली लाईन गुंडाळलेली फिरकी) हिसक्याने सुटतो, हलके आमिष हवेत लगेच मंदावते आणि स्पूल मात्र त्याच वेगाने फिरत राहतो. ही जास्तीची सुटलेली लाईन जाणार कुठे? तिचाच गुंता होतो.

म्हणून काही दिवस १४ ग्रॅमचे, गळ काढून टाकलेले आमिष घेऊन मोकळ्या मैदानात सराव करा. आमिष रॉडच्या टोकाशी लटकवून रिळाचे बटण दाबा: ते सावकाश खाली उतरले पाहिजे आणि जमिनीला टेकताक्षणी स्पूल थांबला पाहिजे. तो फिरत राहिला तर रिळाच्या मुठीच्या बाजूची छोटी गुंडी थोडी आवळा. दुसऱ्या बाजूचा ब्रेक, मग तो चुंबकीय असो वा केंद्रोत्सारी, सुरुवातीला जवळजवळ पूर्ण ठेवा आणि हात बसेल तसा कमी करा. वारा समोरून असेल तेव्हा मात्र पुन्हा वाढवा. बाकीचे काम अंगठ्याचे आहे. लाईन स्पूलवर फुगू लागली की तिचे वेढे अंगठ्याच्या कातडीला हुळहुळल्यासारखे लागतात. तेवढे जाणवले की हलकेच दाब द्यायचा, आणि आमिष पाण्याला टेकण्याच्या क्षणी स्पूल पूर्ण थांबवायचा. हा शेवटचा दाब चुकल्यामुळे होणारे गुंते नवशिक्यांच्या वाट्याला फार येतात.

पुढेमागे दुसरा संच घ्याल तेव्हा तो साडेसहा ते सात फुटी मीडियम स्पिनिंग रॉड आणि २५०० आकाराचे स्पिनिंग रीळ असा घ्या. त्यातला स्पूल फेकीच्या वेळी फिरतच नाही, लाईन त्याच्या कडेवरून सुटत जाते, त्यामुळे ५ ग्रॅमचे आमिषही सहज जाते. हलक्या आमिषांसाठी बेटकास्टरशी झगडण्यात मला अर्थ वाटत नाही.

गाठीगाठी:
दुसऱ्या अडचणीबद्दल लिहितो, कारण याच चुकीपायी मीही एक अख्खा हंगाम मासे गमावले आहेत. विणलेली लाईन जवळजवळ ताणली जात नाही, आणि तुमचा रॉडही फक्त टोकाशी वाकणारा आहे. क्रँकबेटचे तीन तोंडांचे गळ बारीक तारेचे असतात आणि ते माशाच्या तोंडात फार खोल रुतत नाहीत. माशाने डोके झटकले की तो धक्का झेलायला लाईनही नाही आणि रॉडही नाही. गळाने पडलेले छिद्र रुंदावते आणि गळ निसटतो. क्रँकबेटसाठी मधल्या भागापर्यंत वाकणारा, मॉडरेट अ‍ॅक्शनचा रॉड आणि १० ते १२ पौंडी तंगूस (नायलॉनची लाईन) किंवा फ्लुरोकार्बन (तशीच दिसणारी, पण जड लाईन) हा मेळ योग्य ठरतो. मासा लागल्यावर हिसका देऊ नका. रॉड बाजूला ओढत नेऊन रीळ गुंडाळत राहा, एवढ्यानेच गळ रुततो.

काही जण सांगतील की विणलेल्या लाईनीच्या टोकाला अर्धा मीटर तंगूस जोडा म्हणजे काम झाले. लाईन दिसू नये म्हणून आणि खोडांवर घासून तुटू नये म्हणून असे टोक उपयोगी आहे, पण ताण लांबीवर अवलंबून असतो, अर्धा मीटर तंगूस ताणून ताणून ताणणार किती? तोवर निदान रिळाचा ड्रॅग (माशाची ओढ वाढली की लाईन सुटू देणारा ब्रेक) सैल करा. लाईनीच्या ताकदीच्या पाव ते एक-तृतीयांश हा नेहमीचा नियम ५० पौंडी लाईनीला लावलात तर गळ सरळ होतील. तुमच्या क्रँकबेटला सव्वा-दीड किलोचा ताण पुरे.

मुळात ५० पौंड कशासाठी, हेही लक्षात घ्या. जॉर्ज पेरी यांनी १९३२ मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात पकडलेला विक्रमी बास २२ पौंड ४ औंसांचा होता आणि २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी त्याची बरोबरी केली. म्हणजे इतकी जाड लाईन माशाच्या वजनासाठी नसते. गवताच्या जाळीत शिरलेला मासा गवतासकट ओढून काढण्यासाठी ती असते. उघड्या पाण्यात तिचे काही काम नाही.

गाठ आवळण्यापूर्वी ती थुंकीने ओली करा. कोरडी आवळली तर घर्षणाच्या उष्णतेने तंगूस आणि विशेषतः फ्लुरोकार्बन तिथेच कमकुवत होतो. मासा सुटल्यावर लाईनीचे टोक नीट पाहा: ते डुकराच्या शेपटीसारखे वळलेले असेल तर लाईन तुटलेली नसते, गाठ सरकलेली असते.

पाणगवत:
वरच्या दोघांचेही म्हणणे पटते, पण फ्लुरोकार्बनबद्दल थोडी सावधगिरी हवी. तो पाण्यापेक्षा पावणेदोन पट घन असल्याने बुडतो, त्यामुळे खोल जाणाऱ्या आमिषाला चांगला. पृष्ठभागावर चालणाऱ्या आमिषाला मात्र तो नाक खाली ओढतो आणि त्याची चाल बिघडवतो. तिथे तंगूस किंवा विणलेली लाईनच बरी.

आता किड्याबद्दल. बास आमिष चावत नाही. तो तोंड झटकन उघडतो आणि पाण्यासकट आमिष आत ओढून घेतो. म्हणून हाताला धक्का लागेल याची वाट पाहिलीत तर बहुतेक वेळा उशीर होतो. कधी एकच बारीक ‘टक्’ जाणवते, कधी आमिषाचे वजनच नाहीसे होते, तर कधी लाईन काही आवाज न करता बाजूला सरकू लागते. किडा पाण्यात पडल्यावर तो तळाला जाईपर्यंत लाईन किंचित सैल ठेवा आणि नजर लाईन पाण्यात शिरते त्या बिंदूवर ठेवा. दहा आकडे मोजून तळ लागतो अशा जागी लाईन सहाव्या आकड्याला थांबली, तर ती माशाने थांबवली आहे असे समजून सैल लाईन गुंडाळा आणि रॉड जोरात वर उचला. इथे हिसका हवाच, कारण गळाला आधी प्लास्टिकमधून बाहेर यायचे असते.

किडा टेक्सास रिगने लावा: पुढे गोळीच्या आकाराचे वजन आणि गळाचे टोक किड्याच्या अंगात लपवलेले, म्हणजे तो गवतात अडकत नाही. वजन टंगस्टनचे परवडत असेल तर तेच घ्या. त्याची घनता १९.३ आणि शिशाची ११.३, त्यामुळे तेवढ्याच वजनाला आकार लहान मिळतो, आणि कडकपणामुळे तळाशी खडा आहे की चिखल हे हाताला कळते. शिसे विषारी आहे, हे तर आहेच. या कामाला तुमचा सध्याचा रॉड आणि रीळ अगदी योग्य आहेत. रंगावर फार डोके खर्च करू नका: नितळ पाण्यात हिरवट-तपकिरी, गढूळ पाण्यात काळा-निळा. आणि फाटलेले किडे पाण्यात न टाकता खिशात ठेवा.

काठावरचा:
सर्वांचे मनापासून आभार. आठवडाभर मैदानात सराव केला आणि काल १० ग्रॅमच्या वजनाने टेक्सास रिग लावून खोडांच्या बाजूला बसलो. चाळीसएक फेकींत दोनच गुंते झाले आणि तेही बोटाने सुटले. एकदा लाईन डावीकडे सरकताना स्पष्ट दिसली, पण मी पाहतच राहिलो आणि मासा आमिष टाकून गेला. दुसऱ्यांदा उचलला, साधारण किलोभराचा होता, खालचा ओठ धरून गळ काढला आणि सोडून दिला. स्पिनिंग रीळ घेणार आहे. त्यात लाईनीला पीळ पडतो असे ऐकले आहे, तो कसा टाळावा?

संथपाणी:
अभिनंदन! फेकीनंतर लाईन अडवणारी तारेची कमान हाताने बंद करा, मूठ फिरवून नव्हे, आणि रॉड किंचित उचलून सैल लाईन घट्ट करूनच गुंडाळायला लागा. मासा ड्रॅग ओढत असताना मूठ फिरवू नका, कारण लाईन आत येत नाही आणि प्रत्येक फेऱ्याला पीळ तेवढा वाढतो. स्पूल काठोकाठ न भरता कडेपासून सुमारे ३ मिलिमीटर रिकामा ठेवा, आणि विणलेली लाईन भरणार असाल तर तळाला आधी थोडा तंगूस गुंडाळा, नाहीतर ती लाईन स्पूलवरच घसरत फिरते.