सनद हातात आली, आता न्यायाधीशाची परीक्षा की सरकारी वकिली? (नाशिक)

द्राक्षवेल_निफाड
नमस्कार. मी निफाड तालुक्यातली, यंदा एलएलबी झाले. बार कौन्सिलची तात्पुरती सनद मिळाली आहे, ऑल इंडिया बार परीक्षा अजून द्यायची आहे. आई म्हणते, न्यायाधीशाच्या परीक्षेला बस. वडील म्हणतात, सरकारी वकील हो. पण तिथे ओळखीशिवाय काही होत नाही असं त्यांच्या कानावर आलंय. आता परीक्षेला आधी तीन वर्षं वकिली लागते म्हणे. ती कधीपासून मोजतात? आणि ही वर्षं निफाड कोर्टात काढू की नाशिकला येऊ?

फौजदारी_नाशिक
ताई, आधी वडिलांची शंका. मॅजिस्ट्रेट कोर्टात जे एपीपी, म्हणजे सहायक सरकारी अभियोक्ता, उभे राहतात ते एमपीएससीची परीक्षा देऊन येतात. अभियोग संचालनालयाची कायम नोकरी. तिथे मार्क बोलतात.

सेशन कोर्टातली गोष्ट वेगळी. तिथल्या सरकारी वकिलांच्या नावांचं पॅनेल जिल्हाधिकारी सत्र न्यायाधीशांशी विचारविनिमय करून तयार करतात, नेमणूक राज्य सरकार करतं, तीही मुदतीची. किमान सात वर्षं वकिली लागते, विशेष सरकारी वकिलाला दहा. पूर्वी सीआरपीसीचं, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं, कलम २४ होतं, आता तिच्या जागी आलेल्या बीएनएसएसचं, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, १८. वडिलांनी ऐकलंय ते या वाटेबद्दल. मला ही पद्धत पटत नाही. चोरी-मारामारीचा खटला चालवणाऱ्याला परीक्षा, आणि खुनाचा खटला चालवणारा मात्र सरकारच्या पसंतीचा, हे उलटं आहे.

आता तीन वर्षांचं. २००२ मध्ये सुप्रीम कोर्टाने वकिलीची अट काढली होती. २० मे २०२५ च्या निकालाने ती परत आली. वर्षं तात्पुरत्या सनदेच्या तारखेपासून मोजायची, त्यामुळे तुमची सुरू झालीसुद्धा. बार परीक्षा मात्र वेळेत उरका. तीन वर्षं वकिली केल्याचा दाखला किमान दहा वर्षं वकिली झालेल्या वकिलाचा चालतो, पण त्यावर जिल्ह्याच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्यांचं किंवा त्या ठिकाणच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्यांचं शिक्कामोर्तब.

ही अट मला योग्य वाटते. जप्तीचा पंच पिंजऱ्यात येतो, पंचनाम्यावरची सही माझीच म्हणतो, आणि पुढच्याच वाक्याला सांगतो की पोलिसांनी कोऱ्या कागदावर सही घेतली. सरकारी वकील त्याला फितूर ठरवून उलटतपासाची परवानगी मागतात. त्या दोन मिनिटांत न्यायाधीशाला साक्षीदाराचा चेहरा वाचायचा असतो, टायपिस्टला नेमका शब्द सांगायचा असतो, आणि आरोपीच्या वकिलाची हरकत ऐकायची असते. पुस्तकातून हे येत नाही. मागच्या बाकावर बसून बघितलं तर येतं.

इंदिरानगर_वकील
दादा, अट बरोबर, पण या तीन वर्षांत पोरींनी खायचं काय? बरेच सीनियर ज्युनियरला प्रवासखर्चाच्या पलीकडे काही देत नाहीत. शहरात खोली घेऊन राहायचं तर घरचे दुसऱ्या वर्षीच म्हणतात, पुरे झालं. परत आणलेली ही अट गावाकडच्या मुलींना सगळ्यात जड जाणार आहे, आणि ज्युनियरच्या मानधनाचा प्रश्न कोणी हातात घेत नाही याचा मला राग येतो.

ताई, म्हणून माझं मत निफाडच. घरून जाऊन-येऊन होईल. तिथे जिल्हा व अतिरिक्त सत्र न्यायालयही आहे, म्हणजे दिवाणी दाव्यापासून सेशन खटल्यापर्यंत सगळं बघायला मिळेल. मोठ्या कोर्टात नवीन मुलीला वर्षभर तारखा घ्यायलाच पाठवतात. तालुक्याला सहा महिन्यांत सरतपास, म्हणजे आपल्याच साक्षीदाराची पहिली तपासणी, घ्यायला मिळू शकतो.

द्राक्षवेल_निफाड
मनापासून आभार. आता घरी नीट सांगता येईल. परीक्षा किती मार्कांची असते? आणि जिल्हा न्यायाधीश थेट होता येतं का?

फौजदारी_नाशिक
दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर: पूर्व १००, मुख्य २००, मुलाखत ५०. ही एमपीएससी घेते. जिल्हा न्यायाधीशाच्या २५ टक्के जागा थेट भरतीच्या, त्या उच्च न्यायालय भरतं; घटनेच्या कलम २३३ प्रमाणे वकिलाला सात वर्षं लागतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने सांगितलं की न्यायाधीश म्हणून काम केलेला काळही या सात वर्षांत धरायचा. म्हणजे आधी कनिष्ठ स्तरावर लागलात तरी ती वाट बंद होत नाही.

इंदिरानगर_वकील
एक काम पहिल्या दिवसापासून करा. वकीलपत्रावर सीनियरच्या नावाखाली तुमचं नाव आणि सनद क्रमांक घालायला सांगा. संकोच करू नका. बऱ्याच मुली वर्षानुवर्षं राबतात आणि एकाही प्रकरणात त्यांचं नाव नसतं. उभ्या राहिलात त्या प्रकरणाचा क्रमांक आणि तारीख डायरीत लिहा, रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, हजेरी आली का तेही बघा. दाखल्यावर सही करणाऱ्यासमोर ही डायरी ठेवता येईल.