रोज खिशात ठेवायला छोटा फोल्डिंग चाकू कोणता घ्यावा?

रानवाट: मंडळी, खिशात मावेल असा चाकू घ्यायचाय. ट्रेकला काकडी-कांदा, घरी पार्सलच्या टेपा, दोरी असलं काम, आणि रात्री शिफ्टवरून एकटाच येतो म्हणून सेल्फ डिफेन्सलाही होईल असं वाटतं. ओपिनेल ८ घेऊ की व्हिक्टोरिनॉक्स?

सह्यवेडा: ओपिनेल ८ घे पण इनॉक्स, म्हणजे स्टेनलेसवाला. कार्बन स्टीलच्या चाकूला धार झकास लागते पण पावसाळ्यात ओला तसाच सॅकमध्ये राहिला की गंज धरतोच. पातं साडेआठ सेंटिमीटर, मानेजवळची रिंग फिरवली की लॉक होतं, कापताना बोटावर मिटत नाही. लाकडी मूठ भिजून फुगली की उघडायला जड जातो एवढंच. व्हिक्टोरिनॉक्सच्या क्लासिक या ५८ मिमीच्या छोट्या मॉडेलला लॉक नाही, कात्री मात्र फार कामाची.

मीरा_ठाणे: सेल्फ डिफेन्सचं डोक्यातून काढच दादा. ओपिनेल उघडायलाच दोन हात लागतात, झटापटीत कधी उघडणार, आणि समोरच्याने हिसकावला म्हणजे? पेपर स्प्रे ठेव, ११२ हा इमर्जन्सी नंबर लक्षात ठेव, उजेडाचा रस्ता धर. शिवाय मुंबईत पोलिस महाराष्ट्र पोलिस कायद्याच्या कलम ३७ खाली शस्त्रबंदीचे आदेश काढतात, तेव्हा खिशातला चाकू महागात पडू शकतो. विमानात केबिन बॅगेत तर अजिबात नको.

रानवाट: पटलं ताई. चाकू फक्त ट्रेकच्या सॅकमध्ये. धार कशावर लावू?

सह्यवेडा: १००० ग्रिटचा (ग्रिट म्हणजे दाण्याचा बारीकपणा) धार लावायचा दगड, पाणी टाकून. नंतर कोरडा पूस आणि सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोड.