मदत हवी आहे: ‘रेडी’ करून ठेवलेला बाण नक्की कधी सुटतो?

मंडळी, राजारामपुरीत आम्ही पाचजण रविवारी डंजन्स अँड ड्रॅगन्स (पात्रं घेऊन, फासे टाकून खेळायचा गोष्टीचा खेळ) खेळतो, २०१४ चे नियम. डीएम (खेळ चालवणारा, निवाडा देणारा) मी. काल एकानं ‘रेडी’ घेतलं, म्हणजे अमुक घडलं की तमुक करणार असं आधीच सांगून ठेवलं: गॉब्लिन दारातनं आत आला की बाण. गॉब्लिन (छोटा राक्षस; सोंगटी म्हणून सोड्याच्या बाटलीचं बूच) आत शिरला आणि त्याच चालीत खांबाआड गेला.

पुस्तकात आहे, ट्रिगर (ज्याची वाट बघत होतो ती गोष्ट) संपल्यावर लगेच रिअॅक्शन (त्यावरची आपली कृती). पण तो संपला कधी? उंबरा ओलांडल्यावर, का पूर्ण चाल झाल्यावर? अपॉर्च्युनिटी अटॅकला (शत्रू निसटताना मिळणारा घाव) कसं, पल्ल्याबाहेर पडायच्या आधीच घाव, असं स्वच्छ लिहिलंय. मी चाल संपल्यावर धरलं, खांबाच्या आडोशाचे एसीला (नेम लागायला गाठावा लागणारा आकडा) २ जादा दिले, आणि नेम नेमका १ नं हुकला.

"भावा, असलं असतंय व्हय?" म्हणून गडी अजून फुगलाय. तुम्ही काय धरता? पुढच्या रविवारच्या आत सांगा.