‘तुझा आवाज विहिरीतून येतो’ : फोनचा माइक आणि घुमणारा आवाज, नागपूरकरांचे अनुभव

या उन्हाळ्यात माझ्या आईने अमरावतीच्या मामांना फोन करणे जवळजवळ सोडून दिले होते, कारण दर दोन मिनिटांनी ‘ताई, तुझा आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो’ हे ऐकून ती वैतागली होती. मी आधी फोन बंद करून चालू केला, मग सिम काढून पुन्हा बसवले आणि शेवटी उत्साहाच्या भरात फॅक्टरी रीसेट केले. त्यात नातवाच्या बारशाचे फोटो गेले आणि आवाज मात्र विहिरीतच राहिला. खरे कारण आठवडाभराने सापडले. बर्डीच्या फुटपाथवरून आणलेले कव्हर दुसऱ्याच मॉडेलचे होते आणि त्याचे खालचे भोक फोनच्या माइकच्या छिद्रापासून दोन मिलीमीटर बाजूला येत होते. कव्हर काढल्याबरोबर मामांना ताईचा आवाज स्वच्छ ऐकू येऊ लागला.

तेव्हापासून मी कोणाचाही फोन हातात आला की आधी चार चाचण्या घेतो. स्मार्टफोनमध्ये बहुधा दोन किंवा अधिक माइक असतात : मुख्य माइक खाली चार्जिंगच्या जागेजवळ, दुसरा वरच्या कडेला आणि काही फोनमध्ये आणखी एक मागे कॅमेऱ्याशेजारी. म्हणून प्रथम कव्हर उतरवून व्हॉइस रेकॉर्डरवर दोन वाक्ये बोलावीत, मग व्हिडिओ काढून त्यातला आवाज ऐकावा, नंतर स्पीकर लावून एक फोन करावा आणि शेवटी तारेचे इअरफोन लावून दुसरा. रेकॉर्डिंग खराब पण व्हिडिओ ठीक असेल तर संशय खालच्या माइकवर जातो. इअरफोनवर सर्व सुरळीत असेल तर नेटवर्कला दोष देण्याचे कारण उरत नाही. आणि सर्व रेकॉर्डिंग उत्तम असूनही एकाच ॲपवर आवाज जात नसेल तर फोन उघडायला देणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय.

आपल्याला असा त्रास झाला असल्यास कृपया सविस्तर लिहावे. शेवटी काय निघाले हे तर सांगावेच, पण त्याआधी कशाकशावर व्यर्थ संशय घेतला तेही सांगावे. दुकानांची नावे टाळावीत.

कळमना, मिरचीचे अडतिये

हंगामात भिवापूरकडची मिरची यार्डात उतरू लागली की आमच्या फोनच्या प्रत्येक फटीत लाल भुकटी बसते. गेल्या वर्षी व्यापाऱ्यांना माझा आवाज तुटक आणि दबका जाऊ लागला. माइकच्या छिद्रात भुकटी अडकली असणार हा माझा तर्क बरोबर होता, मात्र त्यावरचा उपाय चुकला. आमच्या दिवाणजींनी सेफ्टी पिन काढून दिली आणि मी ती छिद्रात फिरवली. त्यानंतर आवाज दबका येण्याचाही प्रश्न उरला नाही, कारण तो पूर्णच बंद झाला.

दुरुस्ती करणाऱ्या मुलाने फोन उघडून मला आतली रचना दाखवली, ती मला आधी ठाऊक असती तर पिनेला हात लावला नसता. बाहेरच्या छिद्रामागे बारीक जाळी असते, तिच्यामागे रबराचा छोटा मार्ग आणि त्याच्या टोकाला तांदळाच्या दाण्याएवढा माइक. त्या माइकमध्ये सिलिकॉनचा अतिशय पातळ पडदा आवाजाने कंप पावतो, तेव्हा पिनेचे टोक जाळी फाडून तिथवर पोहोचले की काही उरत नाही. माझ्या फोनमध्ये माइक आणि चार्जिंगची जागा एकाच छोट्या पट्टीवर होती, जिला हे लोक सब-बोर्ड म्हणतात. तो बदलायला ४५० रुपये लागले. फोन एकदा उघडल्यावर पाण्यापासून संरक्षण करणारे सील पहिल्यासारखे राहीलच असे नाही, हे त्याने पैसे घेतल्यावर सांगितले.

आता मी दर रविवारी फोन बंद करून, छिद्र खाली धरून, कोरड्या मऊ टूथब्रशने ते हळूच झाडतो. तोंडाने फुंकर मारत नाही, कारण फुंकरीबरोबर ओलावा जातो आणि मिरचीची भुकटी ओली झाली की घट्ट बसते. दाबाच्या हवेचा पंप तर अजिबात वापरू नये. आणखी एक गोष्ट : सिम काढण्याचे छिद्र आणि माइकचे छिद्र काही फोनमध्ये दिसायला सारखेच असते. आमच्या शेजारच्या गाळ्यात एकाने सिमची पिन माइकमध्ये खुपसली होती.

नंदनवन, शिक्षिका

माझे प्रकरण दोन ओळींचे आहे. फोन कानाला लावून मी मुख्याध्यापिकांशी बोलत होते आणि त्यांना मात्र आमच्या स्वयंपाकघरातला कुकर ऐकू येत होता, कारण माझे ब्लूटूथ इअरबड्स घालून मुलगा तिथे पोहे खात बसला होता. आता शंका आली की मी सर्वांत आधी ब्लूटूथ बंद करते.

त्रिमूर्ती नगर, दूरसंचार खात्यातून निवृत्त

वरील दोन्ही अनुभव आवाज न पोहोचण्याचे आहेत. आवाज घुमण्याचा प्रकार वेगळा असून त्यात लोक हमखास चुकीचा फोन दुरुस्तीला देतात. आपल्याला आपलाच आवाज क्षणभराने परत ऐकू येत असेल तर दोष बहुधा समोरच्या फोनमध्ये असतो. आपला आवाज तिकडच्या स्पीकरमधून बाहेर पडतो, तिकडच्या माइकमध्ये शिरतो आणि आपल्याकडे परततो. म्हणजे तक्रार एकाची आणि आजार दुसऱ्याचा. खात्री करून घेण्यासाठी समोरच्याला त्याचा माइक क्षणभर म्यूट करायला सांगावे आणि आपण बोलत राहावे. प्रतिध्वनी थांबला तर तो तिकडूनच येत होता हे सिद्ध होते.

आमच्या काळी याचे कारण निराळे असे. घरापासून एक्स्चेंजपर्यंत दोन तारा आणि दोन गावांमधल्या लांबच्या म्हणजे ट्रंक लाइनवर चार तारा, यांच्या सांध्यावर आवाजाचा थोडा अंश उलटा फिरत असे. अंतर कमी असेल तोवर तो इतक्या लवकर परत येई की कानाला वेगळा जाणवतच नसे. परदेशी फोन उपग्रहामार्गे जाऊ लागले तेव्हा हे लपेनासे झाले. आपल्याकडे अशा फोनसाठी आर्वीला विक्रम भू-केंद्र उभारले गेले (आर्वी म्हटल्यावर वर्धा जिल्ह्यातली डोळ्यांसमोर येईल, पण ही पुणे जिल्ह्यातली). भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो, त्यामुळे आवाज वर जाऊन खाली यायलाच पाव सेकंद लागतो आणि आपलेच शब्द अर्ध्या सेकंदाने कानावर आदळतात. अशा वेळी माणूस अडखळू लागतो; मी स्वतः अडखळलो आहे.

त्यावरचा उपाय अमेरिकेतील बेल लॅब्ज या दूरध्वनी-संशोधन संस्थेत १९६०च्या दशकात निघाला आणि तिथलेच संशोधक मन मोहन सोंधी यांचा १९६७ सालचा शोधनिबंध त्यातला महत्त्वाचा मानला जातो. आलेल्या आवाजाचा कोणता अंश परत जाणार याचा अंदाज यंत्र सतत शिकत राहते आणि तेवढा भाग जाणाऱ्या आवाजातून वजा करते. आज हेच काम आपला फोन करतो. मोबाइलमध्ये आवाजाचे संकेतन होऊन त्याचे तुकडे पाठवण्यातही वेळ जातो, म्हणून नागपूरहून कामठीला लावलेल्या फोनवरसुद्धा परतणाऱ्या आवाजाची किंचित गळतीही जाणवते. स्पीकरचा आवाज पूर्ण वाढवल्यावर तो फाटतो आणि फाटलेल्या आवाजाचा अंदाज यंत्राला नीट बांधता येत नाही. म्हणून माझा पहिला सल्ला नेहमी एकच असतो : समोरच्याला आवाज दोन घरे कमी करायला सांगा.

बेसा, नवीन फ्लॅट

वरील काकांचे म्हणणे मला तंतोतंत पटले, फक्त आमच्याकडे फोनही निर्दोष होता. ताबा मिळाल्यावर सामान येण्यापूर्वी आम्ही रिकाम्या हॉलमधून स्पीकरवर बोलत असू आणि पुण्याच्या बहिणीला तिचेच शब्द परत ऐकू येत. उघड्या टाइल्स, कोऱ्या भिंती आणि पडदे नाहीत, त्यामुळे आवाज इतका वेळ खोलीत फिरत राही की फोनला तो सगळा वजा करणे जमत नसावे. सोफा आणि गाद्या आल्या, सतरंजी अंथरली, आणि तक्रार आपोआप संपली.

महाल

मे महिन्यात माझा आवाज मध्येच गडप होतो अशी सर्वांची तक्रार होती. मी नेटवर्कला शिव्या घातल्या, टॉवर लांब आहे असे समजून गच्चीवर गेले, आणि गच्चीवर आवाज खरोखरच स्पष्ट जाऊ लागल्याने माझा गैरसमज अधिकच पक्का झाला. प्रत्यक्षात गच्चीवर कूलर नव्हता, एवढाच फरक होता. दुपारी मी कूलरच्या अगदी समोर बसत असे आणि वाऱ्याचा झोत थेट माइकच्या छिद्रावर येई. फोन तो गोंगाट दाबायला जातो आणि त्यासोबत आपले शब्दही दाबले जातात. कूलरकडे पाठ करून बसले की निम्मा त्रास जातो. माझ्या भाचीने आयफोनमध्ये बोलणे चालू असताना कंट्रोल सेंटरमधून ‘व्हॉइस आयसोलेशन’ निवडून दाखवले. ॲपवरच्या नव्हे तर साध्या कॉलसाठी ही सोय आयओएस १६.४ पासून, म्हणजे २०२३ पासून आहे. टुल्लू पंपाची घरघरही त्यात बरीच कमी झाली.

मानेवाडा

व्हॉट्सॲपवर माझा आवाज जात नव्हता आणि साध्या फोनवर जात होता. त्या ॲपची माइकची परवानगी बंद झालेली होती. अँड्रॉइड १२ पासून वरून ओढायच्या पट्टीत सर्व ॲप्सचा माइक एकदम बंद करणारे बटणही ठेवता येते. लहान मुले ते दाबतात, हे ध्यानात ठेवावे.

सदर

माझा अनुभव दूरसंचारवाल्या काकांच्या मुद्द्याला जोडून आहे. फुटलेला डिस्प्ले मी बाहेरून बदलून घेतला आणि त्यानंतर मला फोन करणाऱ्या प्रत्येकाला स्वतःचा आवाज परत ऐकू येऊ लागला, स्पीकर बंद असतानाही. मला मात्र काहीच जाणवत नव्हते, म्हणून मी महिनाभर लोकांनाच त्यांचे फोन तपासायला सांगत राहिलो. सासरेबुवांनी त्यापायी नवा फोन घेतला, हे इथे कबूल करतो. शेवटी दुसऱ्या कारागिराने फोन उघडला, तेव्हा कानाजवळच्या छोट्या स्पीकरभोवतीची रबरी चौकट पहिल्या दुरुस्तीत परत बसवलीच नव्हती असे दिसले. तिच्याअभावी आवाज कानाकडे जाण्याऐवजी फोनच्या आतून माइकपर्यंत पोहोचत होता. त्याने जुन्या फोनमधून काढलेली चौकट बसवली आणि तिचे पैसेही घेतले नाहीत. दुकानातूनच सासरेबुवांना फोन लावला. आवाज एकदम स्वच्छ येतो आहे, नवा फोन चांगलाच निघाला, असे ते म्हणाले आणि मी काही बोललो नाही.