लिंटर: आधी क्रॅश की आधी फॉल्स पॉझिटिव्ह?

लालरेघ (धागाकर्ता)
लिंटर म्हणजे कोड न चालवता त्यातल्या चुका शोधणारं टूल, आणि फॉल्स पॉझिटिव्ह म्हणजे चूक नसताना त्याने केलेली खोटी तक्रार. कालच्या चर्चेत गवंडी यांनी लिहिलं: "लिंटर क्रॅश होतो ते आधी दुरुस्त करा. फॉल्स पॉझिटिव्हचं काय, एक डिसेबल कमेंट (तिथे तो नियम बंद करणारी) टाकली की विषय संपला." वाचून डोकं फिरलं, म्हणून वेगळा धागा काढतोय.

विषय संपत नाही हो, तिथून सुरू होतो! क्रॅश निदान ओरडतो. पायलिंट (पायथनचा लिंटर) पडला की अ‍ॅस्ट्रॉइड-एरर छापतो, ट्रेसबॅकची (कुठे पडला त्या नोंदीची) फाइल ठेवतो, ती उचलून इश्यू (टूल बनवणाऱ्यांकडे तक्रार) टाकता येतो. खोट्या तक्रारींमुळे मात्र माणसं तक्रारी वाचणंच सोडतात. कव्हेरिटी या कोड तपासणाऱ्या टूलच्या मंडळींनी २०१० मध्ये स्वच्छ लिहिलं होतं की खोट्या तक्रारी ३० टक्क्यांच्या वर गेल्या की लोक टूलकडे दुर्लक्ष करतात आणि खरे बगही त्याच ढिगात जातात.

आमच्याकडचंच सांगतो. पायलिंट ३.२ मध्ये, २०२४ ला, पॉसिब्ली-यूज्ड-बिफोर-असाइनमेंट हा नियम आला: व्हेरिएबल किंमत मिळण्याआधीच वापरलं जाऊ शकत असेल तर तक्रार. वर 'इफ व्हर्बोज'मध्ये लॉगर बनवलाय, खाली पुन्हा 'इफ व्हर्बोज'मध्येच वापरलाय, मधे व्हर्बोजला कोणी हात लावलेला नाही. तरी तक्रार. टीममधल्या एकाने वैतागून अख्खा नियमच कॉन्फिगमधून उडवला. पुढे दुसऱ्या फाइलमध्ये इफ, एलिफ असे दोन मोड होते, एल्स नव्हता. कोणीतरी तिसरा मोड आणला आणि थेट प्रॉडक्शनवर अनबाउंडलोकलएरर, म्हणजे किंमत न मिळालेलं व्हेरिएबल वापरलं गेलं. नेमकं हेच पकडायला तो नियम होता.

गवंडी
माझं अर्धंच वाक्य उचललंत. क्रॅश ओरडतो हे कोणी सांगितलं? पायलिंटचा एक्झिट कोड (काम संपल्यावर परत देतो तो आकडा) बिटांचा असतो: फेटलला १, एररला २, वॉर्निंगला ४. आमच्या जुन्या सीआय (कोड बदलला की आपोआप चालणाऱ्या तपासणीच्या) स्क्रिप्टमध्ये फक्त २ चा बिट तपासला जायचा. फाइल क्रॅश झाली की येणार १. बिल्ड हिरवा! त्या फाइलची तपासणी कित्येक आठवडे झालीच नाही आणि कोणाला पत्ता नाही. तुमच्या खोट्या तक्रारी निदान दिसतात तरी.

आणि तो व्हर्बोज सेल्फवर, म्हणजे ऑब्जेक्टवर ठेवलेला असेल तर मधल्या एखाद्या फंक्शन कॉलने तो बदलू शकतो. टूलने कशाच्या भरवशावर गप्प बसायचं?

लालरेघ
सेल्फवर नव्हता, फंक्शनचा साधा पॅरामीटर होता. बाहेरून कोण बदलणार? बिटांचा मुद्दा मान्य, पण तो तुमच्या स्क्रिप्टचा दोष. लिंटरच्या माथी कशाला मारता?

ट्रेसबॅक
दोघंही तिसरी गोष्ट विसरताय. क्रॅश "दुरुस्त" कसा होतो ते पाहिलंय का? टाइप कळला नाही आणि नन (काहीच नाही) आलं, की वरती एक ओळ घालायची: नन असेल तर रिटर्न. इश्यू बंद, सगळे खूश. पण आता तो नियम तिथे काहीच पकडत नाही. आधी पडायचा तेव्हा कळायचं तरी. फॉल्स पॉझिटिव्हचंही तेच, सूट इतकी सैल देतात की खऱ्या चुकाही तिच्यातून निसटतात. दुरुस्तीबरोबर दोन टेस्ट हव्यातच: इथे तक्रार यायला नको आणि इथे यायलाच हवी. दुसरी टेस्ट नसेल तर मी रिव्ह्यूत ओके देत नाही.

झटपट
रफ हा दुसरा लिंटर वापरा आणि मोकळे व्हा. रस्ट भाषेत लिहिलाय, भन्नाट वेगवान. नो-मेंबरच्या (ऑब्जेक्टमध्ये नसलेली गोष्ट वापरल्याच्या) खोट्या तक्रारींचं नावच नाही.

लालरेघ
नाव नाही कारण रफमध्ये तो नियमच नाही.

रात्रपाळी
एका छोट्या लिंटरचं मेंटेनन्स मी सांभाळतो, म्हणून राहवत नाही. आधी काय दुरुस्त करायचं हे ठरवायला इश्यूत काहीतरी असावं लागतं. येतं काय? ट्रेसबॅकच्या शेवटच्या तीन ओळींचा स्क्रीनशॉट. पायथनची आवृत्ती नाही, कॉन्फिग नाही, कोड नाही. वर "अजून दुरुस्त का नाही?"

गवंडी
हे बरं आहे! कोड कंपनीचा आहे, तो चव्हाट्यावर मांडू का? माझा इश्यू "माहिती अपुरी" म्हणून बंद केला होता एका मेंटेनरने. क्रॅश खरा होता, पुढच्या आवृत्तीतही तसाच राहिला.

रात्रपाळी
अख्खा कोड कोण मागतंय? फाइलची एक प्रत घ्या, अर्धी उडवा, चालवून बघा. अजून पडत असेल तर पुन्हा अर्धी करा. पडायचा थांबला तर उडवलेला भाग परत आणा आणि दुसरीकडून कापा. शेवटी मूठभर ओळी उरतात, त्यातली नावं बदलून ए, बी करा. त्यात कंपनीचं गुपित काय उरतं? हे काम तुम्हीच करू शकता, कारण कोड तुमच्याकडे आहे.

गवंडी
म्हणजे टूल पडणार तुमचं आणि रात्र जागायची आम्ही?

रात्रपाळी
तुमच्या कंपनीचा बिल्ड त्या टूलवर चालतो आणि तुम्हाला पगार मिळतो. मला या कामाचा छदामही मिळत नाही. मी दिवसाची नोकरी उरकून बसतो. भाषा जपून वापरा.

ट्रेसबॅक
शांत व्हा राव. पण मेंटेनरांनीही "माहिती अपुरी" लिहून थेट बंद करू नये. काय हवंय ते एका ओळीत विचारावं. नवखा माणूस असा एकदा पोळला की परत इश्यू टाकत नाही, नियम बंद करतो. म्हणजे पुन्हा लालरेघचीच गोष्ट.

रात्रपाळी
हे मान्य करावं लागेल. विचारायला हवं होतं त्यांनी.

गवंडी
घ्या, कापून बघितलं. लूपमध्ये क्लास ए आहे, तो आधीच्या ए वरूनच वारसा घेतो. बेस शोधता शोधता टूल स्वतःभोवती फिरत राहतं आणि रिकर्शनएरर. उरलं ते एवढंच. ज्या मेथडवर पडतं ती खऱ्या क्लासमध्ये आहे.

रात्रपाळी
हे चालेल. यावर काम करता येतं. तिथेच इश्यू पुन्हा उघडा आणि अपेक्षित निकालही लिहा, त्या ओळीवर नो-मेंबर यायला हवं की नको?

गवंडी
नको.

लालरेघ
मग नुसती फेरी थांबवून भागणार नाही. बेस सापडला नाही म्हणून टूल तिथे नो-मेंबर देऊन मोकळं होईल. तीही टेस्ट घाला.

गवंडी
घाला. पण आधी क्रॅश.