मोरपंखीचं कुंपण तपकिरी पडतंय, मदत हवी आहे

ओळीत मोरपंखीची 12 झाडं आहेत. अंतर 60 सेंमी, लावून 3 वर्षं झाली. सगळ्यांची खोडाजवळची पानं वाळून गळताहेत, टोकं हिरवी आहेत. उताराच्या खालच्या टोकाची दोन झाडं मात्र शेंड्याकडून करपलीत. ठिबक रोज 20 मिनिटं चालतं. छाटणी एका बाजूला खोल गेली, तिथे नुसत्या काड्या दिसतात. त्या फुटतील का? बुरशीनाशक मारू का?

प्रतिसाद 1
आतली पानगळ नैसर्गिक आहे. या जातीची झाडं सदाहरित असली तरी जुनी, सावलीतली पानं टाकतातच. काड्या मात्र फुटणार नाहीत. मोरपंखीच्या जुन्या, पान नसलेल्या लाकडावर नवा फुटवा सहसा येत नाही, म्हणून कात्री कायम हिरव्या भागातच थांबवायची. उघडी जागा भरायची तर शेजारच्या हिरव्या फांद्या सुतळीने तिकडे ओढून सैल बांधा. पुढच्या छाटणीत बुंध्याकडे रुंद, वर निमुळता आकार ठेवा. वरचा भाग रुंद झाला की खाली ऊन पोचत नाही आणि कुंपण तळापासून विरळ होतं.

खालच्या दोन झाडांचं पाहायला हवं. मुळाशी 15 सेंमी खणून मुळं बघा. फवारणी आत्ता नको, कारण कळल्याशिवाय औषध वाया जातं.

प्रश्नकर्ता
खणलं. शेवटच्या झाडाची मुळं काळपट, ओढली की साल सुटते, मातीला आंबूस वास. अकराव्याची काही पांढरी आहेत.

प्रतिसाद 2
मूळकूज. पाणी उताराने तिथे साठतं, मुळांना हवा मिळत नाही. मोरपंखी एकवेळ कोरडं सोसते, साचलेलं पाणी नाही. आणि पानं मुळं बिघडल्यावर बऱ्याच आठवड्यांनी तपकिरी होतात, त्यामुळे "आत्ता काय चुकलं" असं शोधून उपयोग नसतो.

बारावं झाड मुळांभोवतीच्या मातीसकट काढा. अकराव्याची फांदी नखाने खरवडा: आत हिरवं ओलसर असेल तर वाचायची आशा आहे. रोजचं ठिबक बंद. वरची 8-10 सेंमी माती कोरडी झाली की सावकाश, खोलवर पाणी द्या. खालच्या टोकाला चर खणून पाणी बाहेर काढा. नवं झाड 25-30 सेंमी उंच वरंब्यावर लावा, मुळं जिथे खोडातून फाकतात तो भाग मातीच्या वर दिसला पाहिजे. खड्ड्याच्या तळाला खडी घालू नका, पाणी तिच्यावरच अडून राहतं. पिशवीत गोल फिरलेली मुळं कापून मोकळी करा, नाहीतर पुढे तीच खोड आवळतात. आच्छादन 5-7 सेंमी, खोडापासून वीतभर दूर.

प्रतिसाद 1
एक राहिलं: बाकीच्या झाडांखाली पांढरा कागद धरून फांदी झटका. सरपटणारे ठिपके दिसले तर कोळी (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) आहे. दर 4-5 दिवसांनी तीनदा पाण्याचा जोरदार फवारा मारा, आतल्या बाजूनेही.